सकाळी गोड, दुपारी कडू : रस, चटणी आणि बदलाचा वेग

आज आपण ज्या विषयावर बोलणार आहोत, त्याचं नाव आपल्यापैकी पुष्कळ जणींनी दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेल आणि परीक्षा झाल्यावर तिथंच सोडून दिलं असेल. ते नाव म्हणजे ‘रासायनिक अभिक्रियेचा दर’. नाव जड आहे, पण त्याविषयी आपण रोज बोलतो. दूध लवकर नासलं, विरजण अजून लागलं नाही, हरभऱ्याची डाळ शिजता शिजेना, तवा एका पावसाळ्यात गंजला. या प्रत्येक वाक्यात एका पदार्थाचा दुसरा पदार्थ होतोय आणि आपण त्याला किती वेळ लागला ते सांगतोय. वेळाचा हा हिशेब म्हणजेच अभिक्रियेचा दर.

हा विषय आत्ता घ्यायचं कारण आहे. उन्हाळा तोंडावर आला आहे, गटांचे स्टॉल लागायला सुरुवात झाली आहे, आणि महिन्याच्या बैठकांत दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येताहेत. पहिला प्रश्न मोसंबीचा. सकाळी काढलेला रस गोड असतो, तोच दुपारी कडू लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, यात काहीतरी मिसळलंय. दुसरा प्रश्न चटणीचा. पाकिटावर वापराची अंतिम तारीख कोणती छापायची? काही जणी म्हणतात, बाजारातल्या पाकिटांसारखे सरळ तीन महिने टाका. काही जणी म्हणतात, एक महिनाच टाका, उगाच नाव खराब नको. एकीकडे माल परत येण्याची भीती, दुसरीकडे दुकानदार कमी मुदतीचा माल ठेवत नाही ही अडचण. या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात, म्हणून आज थोडं मुळापासून समजून घेऊ.

रस कडू होतो म्हणजे काय होतं

आपल्या जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकन आहे, बदनापूरला मोसंबीचं संशोधन केंद्र आहे, पण रस कडू होण्याचं कोडं आपल्या घराघरांत तसंच राहिलेलं आहे. तर पहिली गोष्ट अशी, की यात भेसळ नाही. मोसंबीच्या फोडींच्या पडद्यात, आतल्या पांढऱ्या भागात आणि विशेषतः बियांत एक पदार्थ असतो. तो स्वतः कडू नाही. फळ अखंड असतं तोवर तो आपल्या जागी असतो आणि रसातलं आंबट आम्ल आपल्या जागी. त्यांची गाठ पडत नाही. आपण फळ दाबून रस काढला की पडदे फाटतात, दोन्ही एकत्र येतात, आणि आम्लाच्या संगतीत तो पदार्थ हळूहळू बदलून त्याचा लिमोनिन नावाचा पदार्थ तयार होतो. फळातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, या कामाला आणखी हात लावतं. लिमोनिन अतिशय कडू. दहा लाख भागांत पाच-सहा भाग इतकं झालं तरी बहुतेकांच्या जिभेला कळतं.

म्हणून ताजा रस गोड लागतो. कडू पदार्थ त्यात अजून तयारच झालेला नसतो. तो तयार व्हायला वेळ लागतो. किती वेळ, ते कशावर ठरतं, हेच आपल्याला बघायचं आहे. कारण वेळ कशावर ठरतो हे कळलं, की तो वाढवता किंवा कमी करता येतो.

उंबरठा

कोणताही पदार्थ अतिशय बारीक कणांचा बनलेला असतो आणि हे कण कधी स्वस्थ बसत नाहीत. रसात, हवेत, तेलात ते सारखे धावत असतात, एकमेकांवर आपटत असतात. दोन पदार्थांत बदल घडायचा तर आधी त्यांचे कण एकमेकांना भेटायला हवेत. पण नुसतं भेटून भागत नाही. रस्त्यात धक्का लागला आणि माणूस पुढे निघून गेला, असंच बहुतेक वेळा होतं. टक्कर पुरेशी जोरात हवी. जुनी जोडणी तुटून नवी व्हायला काही एक जोर लागतो. त्याला पुस्तकात सक्रियण ऊर्जा म्हणतात. आपण त्याला उंबरठा म्हणू. उंबरठा ओलांडेल एवढा जोर ज्या कणांत आहे, तेच पलीकडे जातात.

स्वयंपाकघरातलं उदाहरण घ्या. गॅसची शेगडी सुरू केली आणि काडी लावली नाही, तर गॅस आणि हवा शेजारी शेजारी असूनही पेटत नाहीत. त्या दोघांना जळायचं आहे, पण उंबरठा उंच आहे. काडीच्या ज्वालेने पहिले थोडे कण उंबरठा ओलांडतात. त्यांच्या जळण्यातून उष्णता निघते, ती शेजारच्या कणांना पलीकडे ढकलते, आणि मग ज्योत आपली आपण चालू राहते. म्हणूनच घरात गॅसचा वास आला तर बटण दाबायचं नाही, लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही. बटणातली बारीकशी ठिणगी ही त्या उंबरठ्यापुरती भरपूर असते. दारं-खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा आणि बाहेर पडायचं.

आता वेग कशाकशावर ठरतो ते बघू. पुस्तकात पाच गोष्टी सांगितल्या आहेत. त्या आपण आपल्या कामातून समजून घेऊ.

पहिली गोष्ट : पदार्थ कोणता आहे

काही पदार्थ स्वभावानेच तापट, काही थंड. कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की लगेच फसफसतो आणि भांडं चटका बसेल इतकं तापतं. लोखंडाला गंज चढायला दिवस लागतात. सोन्याच्या मण्यांना वर्षानुवर्षं काही होत नाही.

चटणीत हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. खवटपणा म्हणजे तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी होणारा बदल. पण सगळी तेलं सारख्या वेगाने खवट होत नाहीत. जवसाचं तेल सगळ्यांत आधी खवट होतं, कारण त्याच्या रेणूंत ऑक्सिजनला पकडायला जागा जास्त असतात. कारळाचं तेल त्याच्या मागोमाग. शेंगदाण्याचं तेल त्याहून सावकाश. सुक्या खोबऱ्याच्या तेलात अशा जागा अगदी कमी, म्हणून ऑक्सिजनमुळे येणारा खवटपणा त्याला उशिरा येतो. खोबरं ओलसर राहिलं तर त्याला साबणासारखा वास येतो, पण त्याचं कारण ओलावा, ऑक्सिजन नव्हे.

याचा सरळ अर्थ असा, की जवसाच्या, कारळाच्या आणि शेंगदाण्याच्या चटणीवर एकच तारीख छापणं बरोबर नाही. तिन्ही एकाच दिवशी, एकाच घरात, एकाच हाताने केल्या तरी त्यांची घड्याळं वेगवेगळी आहेत.

दुसरी गोष्ट : तुकडा केवढा आहे

अख्खा शेंगदाणा टरफलात महिनोन्महिने टिकतो. सोलला की कमी टिकतो, भाजून कुटला की आणखी कमी. कारण बदल घडतो तो पृष्ठभागावर. अख्ख्या दाण्याचा आतला भाग हवेपासून झाकलेला असतो. कूट केला की तोच दाणा हजार ठिकाणी उघडा पडतो. लाकडाचा ओंडका सावकाश पेटतो आणि त्याच्याच ढलप्या भरकन पेटतात, तसंच.

आपल्या जालन्याच्या पोलाद कारखान्यांना याची चांगली जाण असते. तिथे कच्चा माल म्हणून स्पंज आयर्न वापरतात. ते लोखंडच, पण आतून छिद्रांनी भरलेलं, त्यामुळे हवा-पाण्याला त्याचा भिडणारा पृष्ठभाग प्रचंड. लोखंडाची सळई पावसात पडली तर गंजते एवढंच. स्पंज आयर्नचा ढीग भिजला तर तो आपोआप तापू शकतो. गंज चढणं तेच, वेग मात्र वेगळा.

आपल्यासाठी यातून निघणारी गोष्ट साधी आहे. कच्चा माल अख्खा साठवा आणि मागणी आली तसा कुटा. मे महिन्यात महिनाभराचा कूट एकदम करून ठेवण्यात श्रम वाचतात, पण टिकण्याचे दिवस जातात.

तिसरी गोष्ट : प्रमाण किती आहे

एका जागी जितके कण जास्त, तितक्या टकरा जास्त, तितका वेग जास्त. याला संहती म्हणतात. बाजारात लवकर भाव मिळतो म्हणून मोसंबी कच्चीच तोडली, तर तिच्यात कडूपणाचा तो मूळ पदार्थ जास्त असतो. फळ झाडावर पुरतं पिकलं की तो कमी होत जातो. म्हणून स्टॉलसाठी रसाला फळ निवडताना पुरतं तयार झालेलंच घ्यावं.

चटणीच्या पाकिटात ऑक्सिजनचं प्रमाण कमी केलं की खवटपणाचा वेग कमी होतो. वेफर्सच्या फुगीर पाकिटात नायट्रोजन वायू भरलेला असतो तो याचसाठी. आपल्याकडे ते यंत्र नसलं, तरी पाकिटातली हवा दाबून काढून मग सील करणं आपल्या हातात आहे. डब्यात चटणी ठेवताना मोठ्या डब्यात तळाशी थोडी ठेवण्यापेक्षा लहान डबा काठोकाठ भरावा.

प्रमाणाचा आणखी एक धडा संडास-न्हाणीघराच्या सफाईचा. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यांची अभिक्रिया काही क्षणांत होते आणि विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो चटकन साठतो. काही बदल इतके झटपट होतात, की आपल्याला मागे सरायलाही वेळ मिळत नाही.

चौथी गोष्ट : तापमान

आता सगळ्यांत मोठा मुद्दा. उष्णता वाढली की कण जास्त वेगाने धावतात. टकरा थोड्या वाढतात, पण खरी गोष्ट वेगळीच आहे. उंबरठा ओलांडण्याइतका जोर असलेले कण मोठ्या पटीने वाढतात. म्हणून थोडीशी उष्णता वेगात मोठा फरक करते. स्वीडनचे शास्त्रज्ञ अर्‍हेनियस यांनी १८८९ मध्ये हे गणितात मांडलं. त्यांच्या आधी हॉलंडचे व्हान्ट हॉफ यांनी यावर पायाभूत काम केलं होतं. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये मिळालं ते याच व्हान्ट हॉफ यांना.

व्यवहारापुरता एक ढोबळ आडाखा लक्षात ठेवा. तापमान १० अंशांनी वाढलं, की पुष्कळशा अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. कुकरचं उदाहरण घ्या. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या आसपास उकळतं, त्याच्या वर जात नाही. कुकरमध्ये दाबामुळे ते १२० अंशांच्या जवळ जातं. वीस अंश वाढले, म्हणजे दोनदा दुप्पट, म्हणजे चौपट. तासाभराची डाळ पाव तासात शिजते ती अशी.

हाच हिशेब चटणीला लावा. डिसेंबरात घरात २० अंश असतील आणि मे महिन्यात ४० अंश, तर खवट होण्याचा वेग चौपट. थंडीत साठ दिवस टिकणारी चटणी उन्हाळ्यात पंधरा दिवसांवर येते. पत्र्याच्या खोलीत दुपारी पारा ४५ च्याही वर जातो, तिथे त्याहून कमी. बनवणाऱ्या बाईने काही वेगळं केलेलं नसतं. तिची कृती, तिचा हात, तिचा माल सगळं तेच असतं. फक्त ऋतू बदललेला असतो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या एका गटाची पाकिटं एका दुकानात दर्शनी काचेमागे, थेट उन्हात टांगलेली होती. महिन्याने ती खवट निघाली म्हणून परत आली आणि पैसेही कापले गेले. उन्हात उष्णता तर असतेच, शिवाय उजेडही तेलाच्या खवटपणाला जोर देतो. त्या बायकांचा दोष नव्हता, पण तो सिद्ध करायला त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. त्यानंतर आम्ही पाकिटावर ठळक छापायला लागलो : ‘थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवा, उन्हात ठेवू नये.’ माल देताना पावतीवरही हेच लिहून दुकानदाराची सही घेतो.

मोसंबीच्या रसालाही तापमानाचा हाच नियम. रस थंड ठेवला की कडूपणा उशिरा येतो, तापवला की लवकर येतो. म्हणून टिकवण्यासाठी रस उकळायला घेतला आणि तो आणखीच कडू झाला, असं सांगणाऱ्या मैत्रिणींना त्यांचं उत्तर मिळालं असेल. मोठ्या कारखान्यांत खास प्रकारच्या रेझीनमधून रस गाळून कडूपणा काढतात. ते आपल्याला परवडणारं नाही. आपल्याला परवडणारा उपाय हा, की बिया न चिरडता हातदाबाच्या यंत्राने रस काढायचा, मिक्सरमध्ये बियांसकट फिरवायचा नाही, पडदे आणि गर लगेच गाळून टाकायचे, आणि गिऱ्हाईक समोर उभं राहिल्यावरच फळ कापायचं. फळं बर्फाच्या पेटीत गार ठेवली तर आणखी चांगलं. आणि स्टॉलवर पाटी लावा : ‘ताजा रस लगेच प्या, ठेवल्यास नैसर्गिकरीत्या कडू होतो.’ भेसळीच्या आरोपाला हे सरळ उत्तर आहे.

पाचवी गोष्ट : मध्यस्थ

काही पदार्थ स्वतः खर्ची न पडता बदलाचा वेग वाढवतात. त्यांना उत्प्रेरक म्हणतात. लग्न जुळवणारा मध्यस्थ जसा दोन घरांची गाठ घालून देतो आणि स्वतः मोकळा राहतो, तसंच. उत्प्रेरक उंबरठा कापून बुटका करतो, म्हणजे कमी जोराचे कणही पलीकडे जातात.

साखरेच्या पाकात आपण लिंबू पिळतो ते कशाला? लिंबाचं आम्ल साखरेचे दोन वेगळ्या साखरांत तुकडे करायला मदत करतं, त्यामुळे पाकाचे खडे होत नाहीत. अभिक्रियेचा वेग पहिल्यांदा नीट मोजला गेला तो याच बदलाचा. जर्मनीचे विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये आम्ल घातलेल्या साखरेच्या पाण्यावर हे काम केलं. आपण सणासुदीला पाक करताना जे करतो, त्यावरून एका शास्त्राची सुरुवात झाली.

पण मध्यस्थ नेहमीच हवा असतो असं नाही. तांबं आणि लोखंड हे तेलाच्या खवटपणाचे मध्यस्थ आहेत. त्यांचे अगदी बारीक अंशही वेग वाढवतात. म्हणून तळणीचं तेल किंवा चटणी बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आणि गंजलेल्या डब्यात ठेवू नये. स्टीलचा किंवा काचेचा डबा घ्यावा.

जुन्या तेलाचंही असंच आहे. खवटपणा सुरुवातीला अगदी सावकाश वाढतो, काही दिवस जिभेला काहीच कळत नाही. मग तयार झालेले खराब रेणूच पुढच्यांना बिघडवत जातात आणि एकदम दोन-चार दिवसांत वास उठतो. तळून उरलेलं जुनं तेल ताज्या तेलात ओतणं म्हणजे दुधाला विरजण लावण्यासारखं आहे. सावकाश चालणारा पहिला काळच आपण संपवून टाकतो. चिवडा, शेव विकणाऱ्या गटांनी तर हे कटाक्षाने टाळावं.

हा हिशेब कुठे लागू होत नाही

दहा अंशांचा आडाखा सगळीकडे ठोकून बसवू नका. विरजण कोमट दुधात लवकर लागतं, पण उकळत्या दुधात घातलं तर लागतच नाही. कारण दही लावणारे जिवाणू सजीव आहेत, जास्त उष्णतेने ते मरतात. विकरांचंही तसंच, ठरावीक उष्णतेपुढे ती निकामी होतात. मेथी-पालक वाळवण्याआधी आपण ती एक-दोन मिनिटं गरम पाण्यात बुडवून काढतो. त्यामुळे रंग आणि वास बिघडवणारी विकरं थांबतात.

पापड सादळणं, चिवडा मऊ पडणं हा तर रासायनिक बदलच नाही. तो हवेतला ओलावा शोषून घेतो, इतकंच. पापड पुन्हा भाजला की कुरकुरीत होतो. खवट चिवडा मात्र कितीही गरम केला तरी पूर्वीसारखा होत नाही. पहिल्याला ओलावा न शिरणारी पिशवी हवी, दुसऱ्याला थंड आणि अंधारी जागा.

आणि बुरशीचा प्रश्न वेगळाच. सुरकुतलेले, काळे पडलेले, बुरशी आलेले शेंगदाणे निवडून फेकूनच द्यायचे. त्या बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही आणि चवीला कळतही नाही.

तीन जागांची चाचणी

आता तारखेचा प्रश्न. भांडून ठरवण्यापेक्षा मोजून ठरवू. एकाच घाणीतली सहा-सहा पाकिटं तीन जागी ठेवा : एक पत्र्याखाली, एक घरातल्या फळीवर, एक माठाशेजारच्या गार कोपऱ्यात. प्रत्येक जागी साधा तापमापक टांगा आणि दुपारचा व पहाटेचा आकडा गटाच्या वहीत लिहा. शिवाय दोन पाकिटं फ्रीजमध्ये ठेवा, ती तुलनेसाठी. दर चार दिवसांनी प्रत्येक जागचं एक पाकीट फोडा. पाकिटं संपत आली तर पुढच्या घाणीत जास्त ठेवा. त्याच तीन जणींनी वास आणि चव घ्यायची. कोणतं पाकीट कुठलं हे त्यांना सांगायचं नाही, नाहीतर जीभ आधीच निकाल देते.

समजा पत्र्याखाली सरासरी ४५ अंश होते आणि चटणी १६ व्या दिवशी खवट झाली. घरात ३५ अंश आहेत. आडाख्याने तिथे ३२ दिवस यायला हवेत. पण थांबून बघा. प्रत्यक्ष २४ व्या दिवशीच खवट झाली, तर तुमच्या चटणीसाठी दर दहा अंशांना दुप्पट नाही, दीडपट हा आकडा खरा. मग २५ अंशांच्या गार कोपऱ्यात ६४ नाही, ३६ दिवस धरा. आडाखा अंदाजासाठी, मोजलेला आकडा छापण्यासाठी.

त्यातही सगळे दिवस छापू नका. माल वाटेत टेम्पोत तापतो, दुकानात कुठे ठेवला जाईल सांगता येत नाही. आम्ही दोन-तृतीयांश धरतो. २४ दिवस निघाले तर १६ छापतो. उन्हाळ्याची तारीख वेगळी, हिवाळ्याची वेगळी. पाकिटावर उत्पादनाची तारीख आणि वापराची अंतिम तारीख कायद्याने द्यावीच लागते, मग ती खरी तरी देऊ. मोठ्या बाजारात उतरायचं असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यावीच लागेल, पण तिथे जातानाही आपली वही जवळ असली तर आपण रिकाम्या हाताने जात नाही.

पाणी आणि बियाणं

हीच समज आणखी दोन ठिकाणी कामी येते. टंचाईत टँकरचं पाणी येतं, त्यात आपण क्लोरीनचे थेंब टाकतो आणि घाईत लगेच पितो. क्लोरीनला जंतू मारायला वेळ लागतो. निदान अर्धा तास थांबायलाच हवं. पाणी गढूळ असेल तर आधी गाळून, निवळून घ्या, नाहीतर क्लोरीन गाळावरच खर्ची पडतो. ब्लीचिंग पावडरचं पोतं उघडं राहिलं तर तिचा जोर दिवसेंदिवस कमी होतो, उन्हाळ्यात अधिकच. जुन्या पावडरीचा पूर्वीइतकाच चमचा पुरेल असं समजू नका.

बियाण्याचंही तेच. जालन्यातच बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केली आणि आपलं शहर बियाण्यांसाठी ओळखलं जाऊ लागलं. साठवलेलं बी आतल्या आत हळूहळू म्हातारं होत असतं. बियाणं शास्त्रात हॅरिंग्टन यांचा एक आडाखा आहे : बियांतला ओलावा एका टक्क्याने कमी केला की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी कमी केलं तरी साधारण दुप्पट. घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवणाऱ्या मैत्रिणींनी पोती पत्र्याला लागून रचू नयेत, फरशीवरही ठेवू नयेत, खाली लाकडी फळ्या टाकाव्यात. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी. सत्तरच्या वर उगवले तर पेरा.

तर मैत्रिणींनो, पाच गोष्टी लक्षात राहू द्या : पदार्थ कोणता, तुकडा केवढा, प्रमाण किती, ऊन किती, मध्यस्थ कोण. माल बिघडला की एकमेकींच्या हाताला नावं ठेवण्याआधी या पाचांची चौकशी करा. येत्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येक गटाने तीन जागांची वही आणावी. जवस, कारळ आणि शेंगदाणा, तिन्हींचे आकडे फळ्यावर मांडू आणि उन्हाळ्याच्या तारखा सगळ्या मिळून ठरवू.